‘सेकंड लाईफ’ची वस्ती वाढते आहे की ओसरते आहे?

गोदाकाठ (नांदेड)

लातूरच्या एका महाविद्यालयात नुकत्याच झालेल्या चर्चासत्रात एका वक्त्यांनी पडद्यावर ‘सेकंड लाईफ : 3 कोटी 60 लाख वापरकर्ते’ अशी ओळ दाखवली आणि तिच्या आधारे, आभासी जगांची लोकसंख्या वाढतच चालली असल्याने महाविद्यालयांनी तेथे आपली जागा घेऊन ठेवावी, असे सुचवले. आकडा खोटा नाही. संगणकावरून आपले पात्र घेऊन वावरता येणाऱ्या आणि लिंडन लॅब या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने जून 2003 मध्ये खुल्या केलेल्या या आभासी जगाला दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हा तिनेच तो प्रसिद्ध केला होता. मात्र ती आजवर उघडलेल्या खात्यांची बेरीज आहे, आणि अशी बेरीज कमी होण्याची सोयच नसते. कोणी एकदा डोकावून कायमचे निघून गेले तरी ते तिच्यात मोजलेलेच राहतात. त्याच वेळी कंपनीने दिलेला दुसरा आकडा, म्हणजे महिन्याकाठी 10 लाखांहून अधिक लोक येतात हा, वक्त्यांनी का दाखवला नाही, ते त्यांनाच ठाऊक.

नांदेडच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शाळांची पटपडताळणी आधी आमच्या जिल्ह्यात झाली आणि त्याच धर्तीवर ऑक्टोबर 2011 मध्ये मुलांच्या बोटाला शाई लावून राज्यभर झाली, तेव्हा हजेरीपटावरची मुले आणि वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुले यांच्यातली तफावत लाखांत निघाली होती. येथेही पट पाहू नये, हजेरी पाहावी. एकाच वेळी आत असलेल्या लोकांची संख्या 2009 च्या पहिल्या तिमाहीत 88 हजारांवर गेली होती; आज ती साधारण निम्म्यावर आहे. माझ्या मते याला ओसरणे म्हणतात, आणि ओसरत्या वस्तीत जागा घेण्याचा सल्ला अनुदानाच्या पैशावर देऊ नये.

संख्याशास्त्री (परभणी)

पटाबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे क्ले शर्की यांनी डिसेंबर 2006 मध्येच हा आक्षेप घेतला होता. एकदा येऊन परत न फिरकणाऱ्यांनाही वस्तीत धरले जाते, हाच त्यांचा मुद्दा होता. पण सर, पट खोटा ठरवताना तुम्ही ज्या हजेरीवर विसंबला आहात, तीही तपासायला हवी. 88 हजार हा आकडा ज्या काळातला आहे, त्या काळात तेथे काय चालत असे ते पाहा.

शोधयादीत एखादी जागा वर दिसावी की खाली, हे त्या जागेवर लोक किती वेळ थांबतात यावर ठरत असे. त्यामुळे दुकानदार आपल्या आवारात खुर्च्या मांडत आणि त्यांवर बसून राहणाऱ्याला दर काही मिनिटांना एक-दोन लिंडन डॉलर, म्हणजे तेथले चलन, देत. अमेरिकी डॉलरला अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही मजुरी किती क्षुल्लक होती ते कळेल. तरीही संगणक रात्रभर सुरू ठेवून, एकाच माणसाने चार-चार खात्यांनी बसून ती कमावली. पुढे खुर्चीवर माणूस बसवण्याचीही गरज उरली नाही. आज्ञावलीने चालणारी खाती रांगेने उभी केली की काम भागत असे. कंपनीने 2009 मध्ये गर्दी फुगवण्यासाठी अशी खाती वापरण्यावर बंदी घातली आणि उरलेल्यांची वेगळी नोंद करायला लावली. म्हणजे 88 हजारांतली काही डोकी माणसांची नव्हतीच. ती किती, हे ठाऊक नसताना त्या शिखरापासून उतरण मोजणे शास्त्राला धरून नाही.

त्रिमिती (छत्रपती संभाजीनगर)

मी तेथे कपडे आणि घरातले सामान घडवून विकतो, म्हणून आतल्या माणसाची बाजू मांडतो. बाहेरच्या संगणकावर घडवलेल्या त्रिमितीय वस्तू थेट चढवण्याची सोय ऑगस्ट 2011 मध्ये झाली आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांचे काम बदलले. एक साधी साडी बसवायची म्हटली, तरी तिचा पदर खांद्यातून आरपार जाऊ नये, म्हणून सांगाड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर कापडाचा कोणता भाग किती हलेल, हे रंग भरल्यासारखे कापडाच्या जाळीतल्या शिरोबिंदूंवर भरावे लागते. पात्र बसले की निऱ्या मांडीत घुसतात आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. इतकी मेहनत ओस गावासाठी कोणी करत नाही. 2015 या एका वर्षात तेथील लोकांनी आपल्या कमाईतले सुमारे 6 कोटी अमेरिकी डॉलर बाहेर काढले होते. शिखर मागे पडून सहा वर्षे झाल्यानंतरची ही गोष्ट आहे.

शिवाय आपल्याकडून पाहणाऱ्याला ही वस्ती जितकी आहे त्याहून ओसाड भासते. तेथे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे चालते. युरोपात संध्याकाळ आणि अमेरिकेत दुपार अशी दोन्ही खंडे जागी असतात तेव्हा सर्वाधिक गर्दी होते आणि आपल्याकडे त्या वेळी रात्रीचे दीड-दोन वाजलेले असतात. आपल्या भर दुपारी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून कोणी डोकावले, तर त्याला रिकामे चौकच दिसणार.

गोदाकाठ (नांदेड)

परभणीकरांचा आक्षेप रास्त आहे, म्हणून दुसरे मोजमाप देतो. आज्ञावलीची खाती जमिनीचे भाडे भरत नाहीत. ते माणसांना खिशातून भरावे लागते. 2010 च्या सुमारास त्या जगात 30 हजारांहून अधिक प्रदेश, म्हणजे जमिनीचे तुकडे, होते, तर पुढच्या सहा-सात वर्षांत ते 24 हजारांच्या आसपास आले. हजारो प्रदेश लोकांनी परत केले, ते वस्ती वाढत होती म्हणून नव्हे. त्रिमिती यांच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की, उरलेले ग्राहक पूर्वीपेक्षा अधिक खर्च करत असतील, तर विक्री टिकते आणि डोकी तरीही घटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्रिमिती (छत्रपती संभाजीनगर)

जमीन हे डोक्यांचे माप नाही, भाड्याचे आहे. पूर्ण प्रदेशाचे मासिक शुल्क वर्षानुवर्षे 295 डॉलर होते. शिक्षणसंस्थांना मिळणारी सवलत कंपनीने 2011 च्या आरंभी बंद केली आणि विद्यापीठांनी एकामागून एक आपले प्रदेश सोडले. तेथे रोज किती विद्यार्थी येत होते? बहुतेक आवारे आठवडाभर रिकामीच असत. ती गेल्याने प्रदेश घटले, वस्तीला फारसा धक्का बसला नाही. 2013 मध्ये सवलत परत आली, तोवर गेलेले गेले होते. पुढे 2018 मध्ये शुल्क 249 डॉलरवर आणले. वस्ती पाहायची असेल, तर भाड्याच्या धोरणाचा परिणाम आधी वजा करा.

तेरणाकाठ (धाराशिव)

एक शंका आहे. टाळेबंदीत सगळेच घरी बसले होते, तेव्हा तरी संख्या वाढली असेल ना?

संख्याशास्त्री (परभणी)

हो, 2020 मध्ये वाढ झाली होती, परंतु ती शिखरापर्यंत पोहोचली नाही, टिकलीही नाही. संकटकाळातली वाढ कल दाखवण्यासाठी वापरू नये.

माझ्या मते त्यातल्या त्यात विश्वासार्ह माप महिन्याकाठी येणाऱ्यांचे आहे. 2013 मध्ये 10 लाखांहून अधिक, आणि त्यानंतरच्या वर्षांत कंपनीच्याच प्रमुखांनी सांगितलेले आठ ते नऊ लाख. एकाच वेळी आत असलेल्यांची संख्या निम्मी झाली, पण महिन्याची संख्या फार तर पाचव्या हिश्शाने घटली, हे कोडे मला अधिक महत्त्वाचे वाटते. याचा एक भाग बनावट खात्यांच्या सफाईने उलगडतो. दुसरा भाग असा की, येणारे अजूनही येतात, परंतु पूर्वीसारखे तासन्‌तास थांबत नाहीत. त्यामुळे गोदाकाठ यांचे ‘ओसरते’ मला मान्य आहे, ‘निम्मी झाली’ मान्य नाही.

मुकुंदराजनगरी (अंबाजोगाई)

आपण सारे आत असलेल्यांची मोजदाद करत आहात. मला दारातून नवे कोण येते, याची काळजी वाटते, आणि या बाबतीत मी सर्वांपेक्षा कडवट आहे. कंपनीने किशोरवयीनांसाठी वेगळे जग ठेवले होते. ते जानेवारी 2011 मध्ये मुख्य जगात विलीन करून टाकले. आज त्याच वयाची मुले ‘रोब्लॉक्स’ या खेळांच्या आभासी जगात आहेत. त्या कंपनीने 2024 च्या तिसऱ्या तिमाहीत रोजचे सुमारे 8 कोटी 89 लाख वापरकर्ते जाहीर केले. ऑक्टोबर 2024 मध्ये हिंडेनबर्ग या संस्थेने हा हिशेब फुगवलेला असल्याचा आरोप केला आणि कंपनीने तो फेटाळला, हे मला माहीत आहे. पण आरोप पूर्ण खरा मानला, तरी तुलना होऊच शकत नाही.

मी वसतिगृहातल्या मुलांना शिकवते. त्यांच्याकडे फोन आहे, त्रिमितीय चित्रे पेलणारा लॅपटॉप दहांत एखाद्याकडे. ‘सेकंड लाईफ’ चालवायला तसा संगणक लागतो, आणि फोनवरचे अधिकृत ॲप 2024 मध्येही चाचणीच्याच पातळीवर होते. म्हणजे एकवीस वर्षे या वस्तीचा दरवाजा आमच्या मुलांसाठी उघडलाच नव्हता. जुने लोक निष्ठेने टिकले आहेत, हे मान्य. पण निष्ठेने लोकसंख्या टिकते, वाढत नाही.

त्रिमिती (छत्रपती संभाजीनगर)

मॅडम, वाढायलाच हवे असा आग्रह कशासाठी? फेसबुकने ऑक्टोबर 2021 मध्ये नाव बदलून ‘मेटा’ केले आणि अब्जावधी डॉलर ओतून ‘होरायझन वर्ल्ड्स’ हे आपले आभासी जग उभे केले. वर्षभराने, ऑक्टोबर 2022 मध्ये, तेथे महिन्याला दोन लाखही लोक येत नसल्याचे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापले. त्याच्यापुढे वीस वर्षांच्या जुन्या जगात आठ-नऊ लाख माणसे येत असतील, तर त्याला मरणपंथाला लागलेले म्हणणे अन्यायाचे आहे.

गोदाकाठ (नांदेड)

मरणपंथाला लागले असे येथे कोणीच म्हटलेले नाही. मी ‘ओसरते’ म्हणालो आणि तुम्ही ‘टिकते’ म्हणता. लातूरच्या वक्त्यांचे ‘वाढते’ मात्र आपल्यापैकी एकालाही मान्य नाही. मी संयोजकांना लिहितो आहे की, त्या ओळीऐवजी महिन्याची संख्या आणि ती कोणत्या वर्षाची हे छापावे.

मुकुंदराजनगरी (अंबाजोगाई)

लिहा, आणि महाविद्यालयातल्या किती विद्यार्थ्यांकडे ते जग उघडणारा संगणक आहे, हेही त्यांना विचारा. जागा घेण्याचा निर्णय त्या उत्तरावर व्हायला हवा.