प्रति: इंग्लंडमध्ये हीटिंग कधी सुरू करावं?

'एक नोव्हेंबरपर्यंत बॉयलरला हात लावायचा नाही' हा पैसे वाचवायला या चर्चेत कुणीतरी सुचवलेला नियम मला पटत नाही. तारीख नको, घरातलं तापमान बघा. निजायच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारा साधा मीटर ठेवा. सकाळी 18 अंशांच्या खाली जायला लागलं की सुरू करा. घरात तान्हं बाळ किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील तर त्याआधीच. आर्द्रता सतत 65 टक्क्यांच्या वर राहिली तर कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते, आणि ती काढण्यात वाचवलेले पैसे सहज जातात.

खरी बचत फ्लो टेम्परेचरमध्ये, म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तापमानात आहे. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) बरेचदा 75-80 अंशांवर लावलेला असतो. रेडिएटरचं चिन्ह असलेलं बटण 60 वर आणा (नळाचं चिन्ह असलेलं नव्हे). परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असलं तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता नीट वसूल करतो. घर तापायला वेळ जास्त लागतो, म्हणून टायमर अर्धा तास अलीकडे घ्या. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र थांबा: टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर लिजिओनेला जिवाणूंचा धोका.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा, तो निवू द्या, खाली फडकं धरून रेडिएटरच्या वरच्या टोकाला असलेल्या हवा सोडायच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये चावी घालून पाव फेरा फिरवा. फुसफुस थांबून पाणी आलं की बंद. मग बॉयलरचा दाब बघा, गार असताना तो 1 ते 1.5 बार असायला हवा.