इंग्रजीत आपण नेमके कुठे अडखळतो? सोलापूरकरांचे अनुभव

सोलापुरात इंग्रजी ही बहुतेकांची तिसरी किंवा चौथी भाषा असते. घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली आणि कामाच्या ठिकाणी हिंदीही वापरणारी माणसे इंग्रजी पत्र लिहायला बसतात, तेव्हा व्याकरणाचे नियम पाठ असूनही काही ठरावीक जागी त्यांची वाक्ये हमखास अडकतात. हा निष्काळजीपणाचा परिणाम आहे, असे मला वाटत नाही. आपल्या भाषेची रचना मनात इतकी पक्की बसलेली असते की इंग्रजी शब्द आपोआप तिच्याच साच्यात ओतले जातात. म्हणून सर्वांना विनंती अशी की, आपल्या कामात वारंवार आढळलेली अडचण लिहावी, पण "हे चूक, ते बरोबर" एवढ्यावर न थांबता तीच गोष्ट मराठीत आपण कशी म्हणतो, हेही अवश्य सांगावे. उपाय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सुरुवात मीच करतो. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आणि दरवर्षी आठवीच्या वर्गात "ही डिड नॉट वेंट" हे वाक्य माझ्या हाती येतेच. मुलांच्या दृष्टीने ते अगदी तर्कशुद्ध असते, कारण मराठीत "तो गेला" चे नकारार्थी रूप "तो गेला नाही" असे होते आणि "गेला" हे भूतकाळी रूप जागचे हलत नाही. इंग्रजीत मात्र भूतकाळ दाखवण्याची जबाबदारी "डिड" उचलतो, त्यामुळे मूळ क्रियापद मोकळे होऊन "गो" या साध्या रूपात परत येते. मी फळ्यावर "ही वॉक्ड" लिहितो, त्यातला शेवटचा "डी" रंगीत खडूने गिरवतो, मग तो पुसून "डिड" या शब्दात पुन्हा त्याच रंगाने लिहून दाखवतो. भूतकाळाची खूण एका वाक्यात एकदाच येते, हे मुलांना त्या रंगीत अक्षरावरून जेवढे चटकन समजते, तेवढे कोणत्याही व्याख्येने समजत नाही. "डिड ही वेंट?" या प्रश्नालाही हेच लागू आहे.

टॉवेल निर्यातीचा पत्रव्यवहार पाहणारे, अक्कलकोट रोड

आमच्या व्यवसायात सर्वाधिक महागात पडणारा शब्द "पर्यंत" हा आहे. कारखान्यातून परदेशी ग्राहकाला जाणाऱ्या पत्रात "वुई विल डिस्पॅच द गुड्स टिल 15 मार्च" असे वाक्य असले, तर लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ "15 मार्चपर्यंत माल रवाना करू" असा सरळ असतो. वाचणाऱ्याला मात्र त्यातून असे समजते की माल आतापासून थोडा थोडा निघत राहील आणि 15 मार्चला निघायचा थांबेल. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात, माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख दिलेली असते आणि ती उलटली तर बँक कागदपत्रांत विसंगती दाखवून पैसे अडवू शकते. अशा व्यवहारात तारखेच्या अलीकडे "टिल" आहे की "बाय", याला फार महत्त्व येते.

मराठीत "पाचपर्यंत थांब" आणि "पाचपर्यंत ये" ही दोन्ही वाक्ये बिनचूक आहेत. पहिल्यात थांबण्याची क्रिया पाच वाजेपर्यंत चालू राहते, तिथे इंग्रजीत "टिल" किंवा "अन्टिल" येते. दुसऱ्यात येण्याची क्रिया पाचच्या आधी केव्हातरी एकदाच घडते, तिथे "बाय" येते. माझ्या हाताखाली नवीन आलेल्या मुलामुलींना मी एकच कसोटी सांगतो. "पर्यंत" काढून त्या जागी "च्या आत" घालून पाहावे. "पाचच्या आत ये" हे वाक्य जुळते, म्हणून तिथे "बाय". "पाचच्या आत थांब" हे कानालाच खटकते, म्हणून तिथे "टिल". ही कसोटी आमच्या पत्रव्यवहारात मला अजून दगा देताना दिसलेली नाही.

आमच्याच धंद्यातला आणखी एक मुद्दा. "क्लॉथ" आणि "क्लोद्स" यांच्यात नवख्या मंडळींची नेहमी गल्लत होते, पण मराठीत "कापड" आणि "कपडे" हा फरक आपण रोज पाळतोच. तोच फरक तिथेही आहे. "क्लोद्स" ला एकवचन नाही, त्यामुळे एका कपड्याबद्दल लिहायचे असेल तर "गारमेंट" म्हणावे. मात्र "मशिनरी" चे "मशिनरीज" आणि "इक्विपमेंट" चे "इक्विपमेंट्स" करू नये. आकडा आधी आला की "डझन" ही एकवचनीच राहतो: "फाइव्ह डझन टॉवेल्स".

परिचारिका, शस्त्रक्रिया विभाग

मला व्याकरणाचा मोठा अभ्यास नाही, परंतु "येस" आणि "नो" यांच्या गोंधळाबद्दल मला अतिशय कळकळीने लिहावेसे वाटते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण उपाशी असणे आवश्यक असते, कारण भूल दिल्यानंतर पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. परप्रांतातून आलेले डॉक्टर कधी कधी रुग्णाला इंग्रजीत विचारतात, "यू हॅवन्ट ईटन एनीथिंग?" आणि रुग्ण किंवा त्याचा मुलगा उत्तर देतो, "येस." त्याच्या मनात "हो, काही खाल्लेले नाही" असे असते. मराठीत आपण समोरच्याच्या म्हणण्याला "हो" म्हणतो. तो नकारार्थी बोलला आणि ते खरे असले, तरी आपले उत्तर "हो" हेच. इंग्रजीत मात्र "येस" किंवा "नो" हे उत्तराच्या क्रियापदाशी बांधलेले असते. खाल्ले असेल तर "येस, आय हॅव", नसेल तर "नो, आय हॅवन्ट". प्रश्न कसा विचारला, याने त्यात काही फरक पडत नाही. त्यामुळे त्या एकाकी "येस" चा अर्थ डॉक्टरांना "खाल्ले आहे" असाही लागू शकतो.

आमच्या विभागात आता नकारार्थी प्रश्न विचारायचाच नाही, असे ठरले आहे. "शेवटचे कधी खाल्ले? काय खाल्ले?" असे विचारले की उत्तरात वेळ आणि पदार्थ दोन्ही येतात आणि शंकेला जागा राहत नाही. नातेवाइकांनाही माझे सांगणे असते की इंग्रजीत उत्तर द्यायचे असेल तर नुसते "येस" म्हणून थांबू नका, पूर्ण वाक्य बोला.

न्यायालयाच्या आवारात अर्ज व तक्रारी टंकलिखित करून देणारे

वरील "येस" चा प्रश्न साक्षीच्या वेळीही उद्भवतो. "यू डिड नॉट सी द ॲक्सिडेंट?" या प्रश्नाला साक्षीदाराने "येस" म्हटले तर त्याने अपघात पाहिला की नाही पाहिला, हे लगेच पुन्हा विचारून घ्यावे लागते.

माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या मसुद्यांत मला सर्वांत जास्त आढळणारा शब्द "डाऊट" हा आहे. "माझ्या पूर्वीच्या चालकाने मोबाइल घेतल्याची मला शंका आहे" हे वाक्य लोक "आय डाऊट दॅट माय फॉर्मर ड्रायव्हर हॅज टेकन द मोबाइल" असे लिहून आणतात. इंग्रजी जाणणाऱ्याला याचा अर्थ बरोबर उलटा लागतो, म्हणजे चालकाने मोबाइल घेतला असेल असे तक्रारदाराला वाटत नाही. मराठीतील "शंका" दोन्हीकडे चालते: एखादी गोष्ट घडली असावी असे वाटते तेव्हाही आणि ती घडली असेल यावर विश्वास बसत नाही तेव्हाही. इंग्रजीने ही कामे दोन क्रियापदांत वाटून दिली आहेत. घडले असावे असे वाटत असेल तर "सस्पेक्ट" आणि विश्वास बसत नसेल तर "डाऊट". तक्रारीत ज्याचे नाव घ्यायचे असते, त्यालाच निर्दोष ठरवणारे वाक्य आपल्या सहीनिशी जाऊ नये, म्हणून एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी.

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

"अ" लावायचा की "ॲन", याबाबत आमच्या अभ्यासिकेत रोज चर्चा होते. पुस्तकात "व्हॉवेलपूर्वी ॲन" असे दिलेले असते आणि वाचणारा ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरे शोधू लागतो. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि उच्चार ओळखण्यासाठी आपल्याकडे देवनागरी आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. सुरुवातीला स्वर आला तर "ॲन", व्यंजन आले तर "अ". "युनिव्हर्सिटी" य ने सुरू होते, म्हणून 2004 साली एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाबद्दल लिहिताना "अ युनिव्हर्सिटी". "अवर" आणि "ऑनेस्ट" स्वराने सुरू होतात, म्हणून "ॲन". "ॲन एमए", "ॲन एफआयआर", "ॲन एसटी बस", पण "अ युरोपियन बायर" आणि "अ वन-वे रोड". मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ही कसोटी लावण्यात कसलीही अडचण येत नाही.

या ध्वनीचा प्रभाव स्वतः इंग्रजी बोलणाऱ्यांवरही झाला आहे. आज आपण ज्याला "एप्रन" म्हणतो, तो शब्द पूर्वी "नॅप्रन" असा होता. "अ नॅप्रन" म्हणता म्हणता त्यातला न शेजारच्या "अ" ला जाऊन चिकटला आणि "ॲन एप्रन" झाले. "द" केव्हा लावायचा, हा प्रश्न मात्र कितीतरी अवघड आहे आणि त्यासाठी पुष्कळ वाचन करण्याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही.

खासगी संस्थेतील मनुष्यबळ अधिकारी, होटगी रोड

दोनच गोष्टी नोंदवतो. शिफारसपत्रात "ही वर्क्स हार्डली" असे लिहिले जाते आणि त्याचा अर्थ "हा क्वचितच काम करतो" असा होतो. "हार्ड" हेच क्रियाविशेषण आहे, त्याला "ली" लागत नाही. दुसरे म्हणजे "फ्यू" आणि "अ फ्यू". "फारसे कोणी नाही" म्हणायचे असेल तर "फ्यू" आणि "काही जण आहेत" म्हणायचे असेल तर "अ फ्यू". "लिटल" आणि "अ लिटल" यांनाही हीच मराठी जोडी लावून पाहावी.

तेलुगूभाषक यंत्रमाग व्यावसायिक, पूर्व भाग

इंग्रजीतील "वुई" या शब्दाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरात "मनम" आणि "मेमु" असे दोन शब्द आहेत. ऐकणारा धरून सगळे असतील तर "मनम", ऐकणाऱ्याला वगळून असेल तर "मेमु". मराठीत "आपण" आणि "आम्ही" यांच्यात हाच फरक असल्यामुळे मराठी बोलताना आम्हाला या बाबतीत कधी अडचण आली नाही. शेजारचे कन्नडभाषक कुटुंब दोन्हीसाठी "नावु" म्हणते, आणि इंग्रजीचेही तसेच आहे.

गावात तोंडी बोलताना हे चालून जाते, कारण समोरासमोर अर्थ लागतो. कराराच्या पत्रात तसे होत नाही. "वुई शुड बेअर द फ्रेट" या वाक्यात वाहतुकीचा खर्च आम्ही एकट्याने करायचा की दोघांनी मिळून, हे कळायला मार्ग नाही. लिहिणाऱ्याच्या मनात "आपण" असते, वाचणारा "तुम्ही" असे गृहीत धरतो आणि पुढे बिलावरून वाद होतो. जिथे पैशाचा किंवा जबाबदारीचा संबंध असेल, तिथे "वुई" टाळून "द सेलर", "द बायर" किंवा "बोथ पार्टीज" असे स्पष्ट लिहावे. आपल्या भाषांनी जो भेद जपला आहे, तो इंग्रजी वाक्यात जास्तीचे शब्द घालून आपणच राखायला हवा.

निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन्स

मी मुलांकडून डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर इंग्रजी परिच्छेद लिहून घेत असे. सोलापूरच्या मुलांना हा विषय जवळचा वाटतो आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात शिकवण्यासारखे खूप आहे. बहुतेकांचे पहिले वाक्य "डॉक्टर कोटणीस हॅज गॉन टू चायना इन 1938" असे असे. वर्ष दिले की घटना संपलेल्या काळात जाते आणि तिथे "हॅज" चालत नाही. "वेंट" हेच हवे. शिवाय "हॅज गॉन" म्हणजे माणूस गेला आहे आणि अजून तिकडेच आहे. साहेब पुण्याला जाऊन परत आले असतील तर "ही हॅज बीन टू पुणे" आणि अजून पुण्यातच असतील तर "ही हॅज गॉन टू पुणे", हे उदाहरण दिल्यावर मुलांना फरक उमगत असे.

पुढचे वाक्य "ही वॉज वर्किंग देअर सिन्स फोर इयर्स". याचे मूळ "चार वर्षांपासून" मध्ये आहे. आपला "पासून" हा "सोमवारपासून" आणि "चार दिवसांपासून" अशा दोन्ही ठिकाणी बसतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर "सिन्स" आणि कालावधीची लांबी सांगायची असेल तर "फॉर". त्यातही "ही हॅज बीन वर्किंग सिन्स 1938" असे लिहिले तर ते काम आजही चालू आहे, असा अर्थ होतो. डॉ. कोटणीस यांचे डिसेंबर 1942 मध्ये चीनमध्येच निधन झाले, म्हणून "ही वर्क्ड देअर फॉर अबाउट फोर इयर्स" एवढेच म्हणता येते.

तिसरी अडचण त्यांच्या विवाहाच्या वाक्यात येई. 1941 साली गुओ चिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मराठीतल्या "शी" मुळे मुले "ही मॅरिड विथ हर" असे लिहीत. "मॅरी" या क्रियापदानंतर थेट व्यक्तीच येते: "ही मॅरिड हर". आणि विवाहित असल्याची स्थिती सांगायची असेल तर "ही वॉज मॅरिड टू हर". "डिस्कस" चेही असेच आहे. मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून मुले "डिस्कस अबाउट" लिहितात. इंग्रजीत विषय क्रियापदाला थेट जोडावा, मध्ये "अबाउट" घालू नये.