नवं भात आणि म्हाळ एकाच दिवशी उरकायचं का? तुमच्याकडं कसं करतात?

जांबोटीकडची लेक
नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. बाबा गेल्या वर्षी पावसाळ्यात गेले, वर्षश्राद्ध आत्ताच झालं, त्यामुळं यंदा त्यांचा पहिला म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. आमच्यात वर्षश्राद्ध झाल्याशिवाय म्हाळ घालत नाहीत.

प्रश्न असा की आज्जीपासून आमच्या घरात अजून एक पद्धत हाय. भाताची मळणी होऊन पहिले तांदूळ घरात आले की तो भात कुणी तोंडात घालायच्या आधी एक पान वाडवडिलांच्या नावानं वाढायचं, मग पोरांना, मग बाकीच्यांना. त्याला भटजी नाही की मुहूर्त नाही. बाबांनी शेवटपर्यंत पाळलं, नवे तांदूळ आले तरी पान काढेपर्यंत घरात जुनेच शिजायचे. आता आई माझ्याकडं पुण्यात असते, शेत वाट्यानं दिलंय, आणि भाऊ म्हणतोय की दोन्ही एकच धरू आणि सर्वपित्रीला उरकू, दिवाळीनंतर परत सुट्टी काढून गावाला कोण येणार. मला ते पटेना, पण त्याला नीट सांगताही येईना का पटत नाही ते. शिवाय शेत दुसरा कसतोय तर नव्याचं पान कुणी काढायचं? आणि मुलीनं काढलं तर चालतं का?

येळ्ळूर शिवार
ताई, मी शेतकरी माणूस, शास्त्रातलं सांगणार नाही, पिकातलं सांगतो. म्हाळ भाद्रपदातल्या वद्य पक्षात. त्या वेळी आपल्याकडं भात कुठं असतंय? पोटरीत नाहीतर नुकतं निसवलेलं, दाण्यात दूध भरायलेलं. कापणी म्हणजे दिवाळीच्या आगंमागं, आणि तुमच्याकडं जांबोटी-कणकुंबीला पाऊस लांबला की अजून पुढं. मग सर्वपित्रीला तुम्ही नवे तांदूळ आणणार कुठनं? दुकानातनं? म्हाळाला जे वाढतो ते मागच्या सुगीचं, साठवणीतलं. नव्याचं पान ह्या सुगीचं. दोन वेगळी जेवणं हायेत ती.

आणि एक बघा. पंचांगाची तारीख फिरते, २०२५ साली सर्वपित्री २१ सप्टेंबरला, तर २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळं १० ऑक्टोबरला. पीक अधिक महिना बघत नाही, ते पाऊस आणि पेरणी बघतंय, मे अखेरीला धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात, साधली तर एक हिशोब, रोप लावलं तर दुसरा. म्हणून नव्याला तिथी नसते, दाणा घरात आला तो दिवस. भावाला हेच सांगा. आमच्यात बासमतीची पहिली पायली गिरणीतनं आली की त्याच दिवशी पान काढतो, मग वार कुठला का असंना. ते झालं की रान मोकळं, मसूर-वाटाणा पेरायच्या गडबडीत परत कुणाला सवड मिळत नाही.

चिकोडीकर
आमच्याकडं भात नाही, ऊस आणि जोंधळा, त्यामुळं पद्धत निराळी. पण शेजारी सगळे कन्नड घरं, त्यांचं बघत मोठे झालो आणि आता आम्हीही करतो. ते शिगी हुण्णवीला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, गाडी जोडून नाहीतर आता ट्रॅक्टरनं सगळं घर शेतात नेतात. बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडाखाली पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजा करतात, आणि होळगी म्हणजे पुरणपोळी, कडबू, भाजी, भाकरी सगळं कालवून रानाच्या चारी बाजूनं उधळत फिरतात, त्याला चरग म्हणतात. पीक पोटात घेऊन उभी असलेली जमीन गरवार बाईसारखी, तिचे डोहाळे पुरवायचे, असं ते समजतात. एळ्ळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, परत चरग. उधळणं झाल्यावर आमच्या शेजारचे काका बांधावर एक पान वेगळं ठेवतात, ज्यानं हे रान पहिल्यांदा मोडून लागवडीला आणलं त्या आज्ज्याच्या नावानं.

तुमचा वाटेकरी कोण हाय ते लिहिलं नाहीसा, पण त्याच्या घरात पण काहीतरी रीत असणारच. त्याला विचारा की. घाम त्याचा हाय, त्याच्या घरच्या पितरांचं पान तुमच्या पानाशेजारी पडलं तर वावगं काय त्यात. मी तर म्हणेन त्याला सोडून केलं तर ते अर्धंच झालं.

वडगावची मावशी
पोरी, मुलीनं केलं तर चालतं का हे विचारायचंच कशाला! पिंडाचं, तर्पणाचं भावाला करू दे, ते त्याचं काम. पण पान वाढणं बायकांच्याच हातचं हाय आधीपासनं, तुझ्या आज्जीनंच केलं न्हवं? मग.

म्हाळाला आमच्यात उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवार, लाल भोपळा, कारलं, अळू, आल्याची चटणी आणि कढी. यातलं गवार-भोपळा-अळू परसातलं असायचं, त्या महिन्यात जे मुबलक तेच पानात. आणि ज्या सवाष्ण गेल्यात त्यांची नवमी विसरू नका, अविधवा नवमी, त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलवून खण-नारळानं ओटी भरायची. माझ्या सासूबाईंची मी करते, शहापुरातनं खण आणते त्यांना आवडायचा तसला, हिरवा लाल काठाचा.

नव्याच्या पानाला एवढं काही लागत नाही. भात, वरून तूप, गूळ, एखादी भाजी. मऊ शिजतो नवा तांदूळ, पाणी कमी घाल, नाहीतर गिचका होतो.

अनगोळ
मी जरा वेगळं सांगतो. सगळ्यांना सुट्टी मिळत नाही हे पण खरं हाय, भावावर रागवू नका. आम्ही तिघं भाऊ, एक गोव्यात, एक बेंगलोरला. म्हाळाला तिघं येतो. नव्याला जो गावाला जवळ तो पान काढतो आणि बाकी दोघांना तांदळाची पिशवी पाठवतो, ती पोचेपर्यंत ते पण नवा तांदूळ विकत आणत नाहीत. फ्लॅटमधी कावळा येत नाही म्हणून गोव्याचा भाऊ गाईला घालतो.

जांबोटीकडची लेक
सगळ्यांचे आभार. येळ्ळूरच्या दादांनी दुधातल्या दाण्याचं लिहिलं ते भावाला जसंच्या तसं पाठवलं. त्याचा फोन आला, म्हणाला बाबा असते तर सर्वपित्रीला बाजारचे तांदूळ नवं म्हणून वाढू दिले नसते. म्हाळाला तो येणार, पिंडाचं तोच करणार. कापणीला मी आणि आई जाणार.

आणि वाटेकऱ्यांना फोन केला. त्यांच्या घरचं नव्याचं पान दरवर्षी निघतंच, गेल्या सुगीला त्यांनी बाबांच्या नावानंही एक वाढलं होतं, आम्ही सुतकात होतो म्हणून बोलले नाहीत. आईला हे सांगितल्यापासनं ती त्यांच्या घरी किती माणसं, किती पोरं ते विचारायलीय, सगळ्यांचा स्वयंपाक आमच्या जुन्या घरात करायचा म्हणते. मावशी, वीसेक माणसांच्या नव्या भाताला पाण्याचं माप काय धरू ते तेवढं सांगा.

वडगावची मावशी
एकाला दीड धर, आणि तांदूळ आधी अर्धा तास भिजवून निथळून घे. वीस माणसांना अडीच किलो पुरे, बाया कामावरनं आलेल्या असतील तर तीन. मोठ्या पातेल्यात एकदम लावू नकोस, दोन खेपा कर, आणि पहिल्या खेपेतलंच पान काढ.