रीफ-पाय: टॉप-ऑफ पंप बंद, तरी पाणी चालूच

प्रश्न: माझं प्रवाळांचं मत्स्यालय रीफ-पायवर, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या नियंत्रण सॉफ्टवेअरवर चालतं. टॉप-ऑफ पंप वाफ होऊन कमी झालेलं पाणी साठवणटाकीतून भरतो. फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच) वर आला की रिले (विजेवर चालणारा स्विच) पंप बंद करतो, तरी संपची (मत्स्यालयाला जोडलेल्या खालच्या टाकीची) पातळी वाढत राहते. शिवाय डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर मध्येच ८५ अंश दाखवतो. सेटिंगमध्ये काय बदलू?

उत्तर १: सेटिंगला हात लावू नका, हा सायफन आहे, म्हणजे पंप बंद झाला तरी भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खाली वाहत राहतं. नळीचं तोंड साठवणटाकीच्या पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षाही उंच बांधा. जमत नसेल तर नळीच्या सर्वांत उंच जागी २ मिमीचं भोक पाडा. पंप चालू असताना त्या भोकातली धार साठवणटाकीतच पडायला हवी.

उत्तर २: ८५ हे त्या सेन्सरचं वीज आल्यानंतरचं मूळ मूल्य. म्हणजे पुरवठा क्षणभर तुटतोय, बहुधा सैल जोड. सेन्सरची डेटा वायर आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. ५ व्होल्टला नको, रास्पबेरी पायची पिन जळेल. आणि हीटर एकट्या रिलेवर सोडू नका, त्याचे संपर्क चिकटतात. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट एक अंश वर ठेवा.

उत्तर ३: पंपाच्या वायरीत दुसरा, वरचा फ्लोट स्विच थेट जोडा, रास्पबेरी पायला मध्ये न घेता. साठवणटाकीही छोटीच बरी. १०० लिटरमध्ये ५ लिटर गोडं पाणी जास्त गेलं तर क्षारता दर हजारी ३५ वरून ३३.३ वर येते, तेवढं प्रवाळ बहुधा सोसतं. २० लिटर गेलं तर २९!