मदत हवी आहे : आजोबांची सोळा बोअर ठेवू, की विकून बारा घेऊ?

माळ्यावरचा_डबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतोय आणि तोही बंदुकीवर. शिकारीचा विषय नाही हे आधीच सांगतो, नाहीतर दुसऱ्या प्रतिसादापासूनच धागा पेटायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आमच्या घरात कुणी ससासुद्धा मारलेला नाही.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या परवान्यावर दोन हत्यारं आहेत. एक .३१५ ची रायफल, दुसरी सोळा बोअरची डबल बार, म्हणजे दुनळी, बाहेर दोन घोडे असलेली. दोन्ही आजोबांची. आजोबा जंगल खात्यात होते, पेठ-सुरगाण्याकडे. ४७ साली त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना सोळा बोअर आजोबांना देऊन गेला. ही घरातली कथा, कागद काही नाही. रायफल नंतरची, ती इथलीच बनावट.

आता बाबांना परवाना माझ्या नावावर करायचाय. मला रस आहे तो क्लेवर, म्हणजे उडत्या मातीच्या बशा फोडण्यात. ओळखीतला जो तो एकच सांगतो, सोळा विकून टाक, बारा घे, सोळाची काडतुसं मिळत नाहीत. रायफल सोडायला बाबा तयार नाहीत. आणि दोनाच्या वर हत्यारं ठेवता येत नाहीत. म्हणजे बारा आली की सोळा गेली.

गेल्या रविवारी माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौदा कागदी काडतुसं. बूड पितळेचं, त्यावर एली (काडतुसांची इंग्रजी कंपनी) आणि १६. तोंडावर गोल पुठ्ठा बसवून कागदाची कड आत वळवलेली, पुठ्ठ्यावर ६ छापलेलं. चार काडतुसं फुगून बोटासारखी जाड झालीत. वास मात्र अजून येतो, मेण, जुना कागद आणि थोडी दारू असा काहीतरी. डब्याच्या तळाशी तीन लांबलचक पितळी रायफलची काडतुसंही निघाली, .४५०/४०० लिहिलेली. सगळ्याचे फोटो जोडतोय.

ही कागदी काडतुसं उडवता येतील का? नवी सोळाची कुठे मिळतील? आणि मुख्य म्हणजे, ठेवू की विकू?

---

चापओढ

विका. पुढचा धागा.

---

बाजीराव_१२

बारा बोअरसारखं काही नाही भावा. दुकानात पाऊल टाकलं की हवी ती काडतुसं, एलजीच्या जाड छर्ऱ्यांपासून आठ नंबरच्या बारीक छर्ऱ्यांपर्यंत. सोळाच्या काडतुसासाठी माझे मामा दोन वर्षं फोर्टात चपला झिजवत होते, शेवटी बंदूक भिंतीला गेली. शिवाय क्ले फोडायला मार जबरदस्त लागतो, तो सोळात नाही.

---

काडतूसकाका

धागाकर्ते, सगळ्यात आधी फोटो काढून टाका, मग बाकीचं बोलू. .४५०/४०० हे तुमच्या वडिलांच्या परवान्यावर नाही. जिवंत काडतूस, मग ते सत्तर वर्षांचं असो, कायद्याने दारूगोळाच. त्याला परवाना लागतो. ती तीन काडतुसं हौस म्हणून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. वडिलांना सोबत घ्या, कुणा वकिलाला विचारा, लेखी अर्ज देऊन जमा करा. आणि कृपा करून डबा घेऊन लोकलमध्ये चढू नका.

आता मजेचा भाग. बोअर म्हणजे काय, हे बाजीरावांनाही सांगतो. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या पाडा. एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर, साधारण १८.५ मिलिमीटर. सोळा पाडल्या तर १६.८. वीस पाडल्या तर १५.६. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. .४१० तेवढी या हिशोबात नाही, ती सरळ इंचांत मोजलेली आहे. आता सोळाची गंमत बघा. रुपयाला सोळा आणे तसे पौंडाला सोळा औंस. म्हणजे सोळा बोअरची एक गोळी बरोबर एक औंस, आणि एक औंस छर्रे, म्हणजे २८ ग्रॅम, हाच तिचा जुना ठरलेला खुराक. जर्मनी-फ्रान्सकडे आपल्या आजोबांच्या काळात शिकारी लोक सोळाच घेऊन फिरायचे.

मार नाही म्हणता? ऑलिंपिकच्या ट्रॅपमध्ये काडतुसात छर्रे २४ ग्रॅम असतात. त्याच २४ ग्रॅममध्ये बशीचा भुगा होतो. तुमच्या सोळात चार ग्रॅम जास्तच आहेत.

कागदी काडतुसं उडवू नका. फुगलेली तर चेंबरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, जाणारच नाहीत, आणि न फुगलेल्यांच्या आतल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा आणि दारूचा भरवसा कोण देणार? मुंबईचे इतके पावसाळे खाल्लेत त्यांनी.

आणि नव्या काडतुसाची खरी अडचण मिळण्याची नाही, लांबीची आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांचं चेंबर अडीच इंच. आज दुकानात मिळतं ते बहुतेक ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंच. हे आत अगदी सुखाने बसतं, तिथेच माणूस फसतो. कारण ७० ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची. बंद असताना काडतूस बरंच आखूड. उडालं की तोंड पुढे उघडतं, पण चेंबर तर संपलेलं. मग उघडलेली कड नळीच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अडते आणि दाब चढतो. शंभर वर्षांच्या नळीला हे रोज कशाला?

तेव्हा पहिलं काम. पुढची लाकडी पट्टी काढा, नळ्या उतरवा, उलट्या करा. चेंबरखाली सपाट भागावर बारीक शिक्के असतील. भिंगाने वाचा आणि इथे लिहा.

---

शिंजीर

विषयाला थोडं सोडून. सोळा बोअर, .४१० या सगळ्याचं कौतुक वाचताना मला संग्रहालयातल्या कापूस भरलेल्या पक्ष्यांच्या रांगा आठवतात. ते सगळे अशाच बारीक छर्ऱ्यांनी पडलेले. तरी हेही खरं की सलीम अलींची वाट १९०८ साली एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाली. ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, मिलर्ड साहेबांकडे. त्यामुळे पूर्ण नाक मुरडता येत नाही. बशा फोडा, माझं काही म्हणणं नाही. फक्त शिशाचे छर्रे पाणथळीजवळ नकोत, बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात.

---

माळ्यावरचा_डबा

शिंजीर, मान्य. पाणथळ सोडाच, बंदूक अजून घराबाहेर पडलेली नाही.

काका, फोटो काढून टाकले. त्या तीन काडतुसांसाठी बाबांचे एक वकील मित्र आहेत, त्यांच्याशी बोललो, उद्या जातोय.

शिक्के वाचले. बाबा टॉर्च धरून, मी भिंग घेऊन, आई वर पंखा बंद करून, कारण धूळ उडत होती. तिरप्या चौकोनात १६ आणि त्याखाली सी. मुकुटाखाली बीपी. मुकुटाखाली बीव्ही. मुकुटाखाली एनपी. आणि त्याच्या शेजारी इंग्रजीत नायट्रो प्रूफ आणि १ औंस असं काहीतरी, पुढचे शब्द झिजलेत. चेंबरच्या लांबीचा आकडा कुठेच नाही. नळीवर नक्षी-लाटा काही दिसत नाहीत, साधं काळसर पोलाद.

---

काडतूसकाका

वा! तुमच्या बंदुकीने अर्ध्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच दिली.

बीपी आणि बीव्ही म्हणजे बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस. तिथे मुद्दाम जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात, टिकली तर शिक्का. एनपी म्हणजे तिने धूर न करणाऱ्या दारूची परीक्षा दिलेली आहे. हा शिक्का नसता, किंवा नळीवर दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या, कमी भरवशाच्या नळीच्या) लाटा असत्या, तर मी म्हटलं असतं तेल लावून भिंतीवर टांगा. तिरप्या चौकोनातला १६ चेंबरचा. आणि १ औंस म्हणजे जास्तीत जास्त छर्रे किती, त्याची मर्यादा. बघा, तोच आणे-औंसाचा हिशोब बनवणाऱ्याने नळीवर ठोकून ठेवलाय. त्याच्या वर जाऊ नका. दुकानदार म्हणेल ३२ ग्रॅमचं घ्या, जोरात जातं. नको म्हणा.

लांबीचा आकडा नाही याचा अर्थ बंदूक बहुधा १९२५ च्या आधीची. लांबी ठोकायची पद्धत त्या साली आली. म्हणजे चेंबर मोजूनच घ्यावं लागणार. आणि प्रूफ तेव्हाचं आहे, नळीला आत गंज लागून भिंत पातळ झाली असेल तर शिक्क्याचा उपयोग नाही. जाणत्या कारागिराकडून भिंतीची जाडी बघून घ्या. घरी सुतळी घालून मोजाल तर मी इथूनच कान पकडीन.

---

बाजीराव_१२

काका, .४५०/४०० म्हणजे नक्की कुठली? नाव तर तोफेसारखं आहे.

---

काडतूसकाका

तोफच. .४५० च्या पितळी कवचाचं तोंड आवळून .४०० ची गोळी बसवलेली. गोळी ४०० ग्रेन, म्हणजे जवळपास २६ ग्रॅम शिसं एकाच तुकड्यात. जिम कॉर्बेट यांच्याकडे या बोअरची जेफरी कंपनीची दुनळी रायफल होती. त्यांची जास्त प्रसिद्ध रायफल मात्र .२७५ रिग्बी, चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली भेट मिळालेली. ती .२७५ म्हणजे दुसरं काही नाही, जर्मन ७ x ५७ माउझरलाच इंग्रजी सदरा.

त्याच सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअर बंद केला. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल त्या बोअरची होती आणि शिकाऱ्यांची काडतुसं भलत्या हातात जातील ही भीती. मग विलायती बंदूकवाल्यांनी काय केलं? .४६५, .४७०, .४७५, .४७६. कायद्याने एक आकडा बंद केला, यांनी चार नवे काढले. आज आफ्रिकेत हत्तीच्या रायफली म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या .४७० चा जन्म असा आपल्यामुळे झाला. आणि धागाकर्त्यांच्या बाबांची .३१५ सुद्धा त्याच भीतीची नात. फौजेची .३०३ सामान्यांना नको, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर काडतुसावरची .३१५ इथे रुजली.

इंग्रजांना आणखी एक त्रास आपल्या उन्हाचा. कॉर्डाइट, म्हणजे त्यांची बिनधुराची दारू, तापलं की दाब वाढतो, म्हणून इकडच्यासाठी थोडी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसं बनायची. मे महिन्यात विदर्भात दुनळी फुटली तर साहेबाचं काय?

---

नियम_२५

परवान्याचं सांगतो, हे काम रोज करतो. शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ बघा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा २५ वर्षं हत्यार बाळगून असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तुमच्या बाबांना पहिली अट लागू आहे. तुम्हाला हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल, ते आधी उरका, लोक शेवटी ठेवतात आणि फाईल अडकते. भाऊ-बहीण असतील तर त्यांचं संमतिपत्र सोबत ठेवा. क्रॉफर्ड मार्केटसमोर पोलीस आयुक्तालयात जाताना झेरॉक्सचे तीन संच न्या, दोन कधीच पुरत नाहीत.

दोनाची मर्यादा बरोबर आहे. आधी तीन होती, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोन झाली, आणि वारशाने आलेलं हत्यारही त्यातच मोजतात. आजोबांचं म्हणून सूट नाही.

---

चापओढ

मी विका म्हणालो होतो. मागे घेतो.

---

माळ्यावरचा_डबा

उशीर झाला, माफी असावी, मध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

ती तीन काडतुसं वकीलकाकांबरोबर जाऊन पोलीस ठाण्यात जमा केली, पावती मिळाली. ड्युटीवरच्या हवालदारांनी एक काडतूस हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "हे वाघाला मारायचं की भिंतीला?" कागदी काडतुसं वकीलकाकांच्या सांगण्यावरून दुकानदाराकडे दिली. आजोबांची एवढीच खूण होती, जरा जिवावर आलं. डबा ठेवलाय. वास आहे अजून.

फोर्टातल्या एका जुन्या कारागिराकडे बंदूक नेली, बाबा आणि परवाना बरोबर. त्याने नळ्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि कितीतरी वेळ बोललाच नाही. मग चेंबरमध्ये पितळेचा मोजदांडा सरकवला. अडीच इंच, दोन्ही. उजव्या नळीत तोंडाजवळ दोन बारीक खड्डे आहेत, चेंबरकडे स्वच्छ. जाडी ठीक म्हणाला. डावा घोडा अर्ध्यावर नीट थांबत नाही, तेवढा दुरुस्त करणार. आणि इतकी वर्षं आम्ही बंदूक कातडी पेटीत ठेवली याबद्दल बाबांना चांगलंच झापलं. कातडं मुंबईची दमट हवा पिऊन बसतं म्हणे. खोबरेल लावायचो हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

६५ मिलिमीटरची, २८ ग्रॅमची सोळा बोअरची काडतुसं दुकानदाराने मागवून देतो म्हटलंय. कधी, ते नाही म्हटलं. बारा ठेवलेल्या कपाटाकडे बोट दाखवून "ही आत्ता देतो" एवढं मात्र तीनदा म्हणाला.

सोळा ठेवतोय. रायफलीचं बाबा आता म्हणतात की परवाना तुझ्या नावावर झाला की तुझं तू ठरव. तोवर दोन्ही आहेत.

एक शंका राहिली. घोडा चढवून रिकामा चाप ओढला तर आतली पिन तुटते असं कारागीर म्हणाला. त्यासाठी खोटी काडतुसं वापरतात ना? सोळाची कुणाकडे पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पैसे देईन.

---

काडतूसकाका

माझ्याकडे दोन आहेत, पितळेची. पैसे नकोत. शनिवारी दादरला या, पहिल्या चारमध्ये एक बशी फुटली की चहा तुमच्याकडून.