वॉल्टर व्हाइट नेमका कोणत्या व्यक्तिमत्त्व-प्रकारात बसतो?

शब्दवेल

नमस्कार. मालिकांमधील पात्रे सोळा व्यक्तिमत्त्व-प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतात याचा विचार करणारे अनेक जण येथे आहेत, म्हणून हा प्रश्न मांडत आहे. तो 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेतील वॉल्टर व्हाइटविषयी आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी कृपया पुढे वाचू नये, कारण शेवटापर्यंतच्या घटनांचा उल्लेख टाळता येणार नाही.

बहुतेक चाहते वॉल्टरला आयएनटीजे मानतात, म्हणजे अंतर्मुख, दूरचे पाहणारा, तर्काने निर्णय घेणारा आणि आखणी करून वागणारा. शेवटच्या पर्वातील वॉल्टरला पाहिले की हे पटते. पहिल्या भागातील वॉल्टर मात्र अल्बुकर्कीतील एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या ठिकाणी नोकरी करतो, आणि स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाके गुडघ्यांवर बसून घासत असताना त्याच्या तोंडून विरोधाचा एक शब्द निघत नाही. मालिका तेथेच संपली असती तर आपण त्याला निःशंकपणे आयएसटीजे किंवा आयएसएफजे म्हटले असते (एस म्हणजे समोरचे तपशील पाहणारा, एफ म्हणजे भावनेने निर्णय घेणारा). पण कर्करोगाचे निदान झाल्यावर तो कुटुंबासाठी पैसे उभे करायला जेसी या माजी विद्यार्थ्यासोबत अमली पदार्थ बनवू लागतो.

या पद्धतीचे समर्थक असे मानतात की माणसाचा प्रकार जन्मजात असतो आणि तो बदलत नाही. मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी तर नायकाचा खलनायक होत जाणे हीच आपली मूळ कल्पना असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. मग २००८ ते २०१३ या काळात ६२ भागांमधून जो माणूस आपल्यासमोर बदलत गेला, त्याला एकच चार अक्षरी प्रकार कसा लावायचा? आणि प्रकार ठरवताना पुरावा कोणता धरायचा: पात्राचे बोलणे-चालणे, त्याचे निर्णय, की त्या निर्णयांमागील हेतू? माझे मत अजून पक्के नाही, आणि केवळ चार अक्षरे सांगणाऱ्या उत्तरापेक्षा त्या उत्तराची कारणे वाचायला मला अधिक आवडेल.

उंबरठा

शब्दवेल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिल्याचे आपोआप मिळेल असे मला वाटते. बोलण्या-चालण्यावरून प्रकार ठरवणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत फसवेही असते, कारण ती ढब नटाची, वेशभूषेची आणि प्रसंगाची मिळून बनलेली असते. मी पात्राला दोन खरे पर्याय उपलब्ध होते असा प्रसंग शोधतो आणि त्याने सोपा पर्याय का नाकारला हे पाहतो.

वॉल्टरच्या बाबतीत तो प्रसंग पहिल्याच पर्वात येतो. ग्रे मॅटर या कंपनीचा सहसंस्थापक आणि जुना मित्र एलियट त्याला नोकरी देऊ करतो, आणि उपचारांचा खर्चही त्यातून भागणार असतो. कुटुंबासाठी पैसे उभे करणे हाच हेतू असता तर कथा तेथेच संपली असती. वॉल्टर नकार देतो, आणि घरी मात्र एलियटच पैसे देत असल्याचे खोटे सांगतो. पुढे पाचव्या पर्वात तो जेसीला सांगतो की या कंपनीतील आपला वाटा आपण ५,००० डॉलरला विकला होता आणि तिची आजची किंमत आपण दर आठवड्याला पाहतो. म्हणजे पहिल्या भागात चाके घासणाऱ्या माणसाच्या आतही ही मोजदाद चालूच होती. तो आयएसएफजे कधीच नव्हता. परिस्थितीने त्याला तसे वागायला लावले होते आणि आपण वागणुकीलाच स्वभाव समजत होतो.

तरीही आयएनटीजे हे उत्तर मी स्वीकारत नाही. त्यातील शेवटचे अक्षर आखणी करून जगणाऱ्या माणसाचे आहे, आणि तसा माणूस या मालिकेत आहेच, तो म्हणजे कोंबडीच्या उपाहारगृहांआड अमली पदार्थांचा धंदा चालवणारा गस फ्रिंग. ज्या पोहण्याच्या तलावाच्या काठी त्याच्या भागीदाराला गोळी घातली गेली, त्याच काठावर तो अनेक वर्षांनी परततो आणि विषारी टकीलाने सगळ्या टोळीप्रमुखांना संपवतो. मधली सर्व वर्षे तो हसतमुखाने कोंबडी विकतो. वॉल्टरचे असे काय आहे? टुको या तस्कराच्या अड्ड्यावर नेलेले पाऱ्याचे स्फोटक संयुग, वाळवंटात गाडीची बॅटरी उतरल्यावर हाताशी असलेल्या वस्तूंपासून बनवलेली बॅटरी, पोलिसांच्या ताब्यातील लॅपटॉप नष्ट करण्यासाठी आणलेले प्रचंड चुंबक, या सगळ्या अंगाशी आल्यावर काढलेल्या वाटा आहेत. त्या विलक्षण बुद्धिमान आहेत, परंतु ती आखणी नव्हे. प्रत्येक वाट पुढचे संकट ओढवून आणते आणि त्यातून तो पुन्हा नवी वाट काढतो. म्हणून मी त्याला आयएनटीपी मानतो, म्हणजे शेवटी आखणीऐवजी पर्याय खुले ठेवणाऱ्याचे पी हे अक्षर. गस आणि वॉल्टर यांच्यातील चौथ्या पर्वाचा सामना मला मुळात या एका अक्षराचा सामना वाटतो, आणि गस हरतो तोसुद्धा भागीदाराला गोळी घालणाऱ्या हेक्टरला स्वतःच्या हाताने मारण्याचा मोह आवरता न आल्यामुळे.

मेघना_नि

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि ही मालिका मला मनापासून आवडते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सोळा प्रकारांची ही चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी तयार केली. तिचा पाया कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथात आहे, मात्र ज्या चौथ्या जोडीवर (आखणी करणारा की पर्याय खुले ठेवणारा) उंबरठा यांनी भर दिला आहे ती या मायलेकींनी युंगच्या मांडणीत घातलेली भर आहे. या दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते, आणि इझाबेल यांनी चाचणीकडे वळण्यापूर्वी रहस्यकथा लिहिलेल्या होत्या. मालिकेतील पात्रांना ही अक्षरे इतकी सहज का चिकटतात याचा विचार करताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

आज संशोधनात अधिक विश्वासाने वापरले जाते ते पाच घटकांचे प्रारूप: अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. मॅक्क्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की चार अक्षरांच्या चार जोड्या या पाचांपैकी चार घटकांशी बऱ्यापैकी जुळतात. पाचवा घटक, म्हणजे भीती, चिंता आणि असुरक्षिततेकडे असलेला कल, मोजणारे अक्षरच त्या चाचणीत नाही.

शब्दवेल यांची कोंडी माझ्या मते नेमकी येथे आहे. दुसऱ्या पर्वात वॉल्टर आपला साडू आणि अमली पदार्थविरोधी तपास अधिकारी हँक याला सांगतो की आयुष्यभर आपण घाबरत जगलो, काय होईल या काळजीने रात्री जागे राहिलो, आणि कर्करोगाचे निदान झाल्यापासून मात्र शांत झोपतो. त्याची बुद्धी तीच आहे, अंतर्मुखता तीच आहे, ग्रे मॅटरचा सलही तोच आहे. बदलली आहे ती भीती, आणि ती नाहीशी होताच आधीपासून आत असलेले सारे बाहेर पडू लागते. जी चाचणी भीती मोजतच नाही, तिच्या दृष्टीने पहिल्या भागातील आणि शेवटच्या भागातील वॉल्टर यांत फारसे अंतर पडत नाही, आणि प्रेक्षकाला तर तो संपूर्ण वेगळा माणूस दिसतो. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणखी एक गोष्ट नमूद करते. या चाचणीची प्रश्नावली माणसाने स्वतःविषयी भरायची असते. वॉल्टरच्या हाती ती दिली असती तर शेवटच्या भागापर्यंत त्याने प्रत्येक उत्तरात कुटुंबाला पुढे केले असते आणि ते प्रामाणिकपणे लिहितो आहोत असेच त्याला वाटले असते. पत्नी स्कायलरसमोर 'हे मी माझ्यासाठी केले' अशी कबुली तो अगदी अखेरीस देतो. त्यामुळे पात्राचा प्रकार प्रेक्षकांनी ठरवणे निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. ६२ भाग पाहिलेल्या प्रेक्षकाला वॉल्टरविषयी जे कळते ते वॉल्टरला स्वतःला कळायला फार उशीर लागतो.

पूर्वरंग

मेघनाताईंचा प्रतिसाद वाचून एक जुनी चर्चा आठवली. पात्रांचे प्रकार पाडण्याचा विचार आपल्या नाट्यशास्त्रात पुष्कळ बारकाईने झालेला आहे आणि तो या प्रश्नाला थेट भिडतो.

दहाव्या शतकातील धनंजयाच्या दशरूपकात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे चार प्रकार येतात. त्यांची लक्षणे वॉल्टरला लावून पाहावीत. धीरोदात्त नायक गंभीर, स्थिर आणि क्षमाशील असतो, त्याचा अहंकार झाकलेला असतो, आणि तो आत्मप्रौढी करत नाही. धीरोद्धत नायकात दर्प आणि मत्सर भरलेले असतात, तो कपटात रमतो, चंचल आणि प्रखर असतो, आणि स्वतःची बढाई मारतो. पहिल्या भागातील वॉल्टर क्षमाशील नाही, तेव्हा त्याला धीरोदात्त म्हणता येणार नाही, परंतु झाकलेला अहंकार हे एक लक्षण त्याच्यात पुरेपूर आहे. चौथ्या पर्वात जेवणाच्या टेबलावर हँक वॉल्टरचा मृत सहायक रसायनतज्ज्ञ गेल याला अलौकिक बुद्धीचा माणूस ठरवतो तेव्हा वॉल्टरने फक्त गप्प राहायचे असते, कारण तेवढ्याने तपास थांबणार असतो. तो दारूच्या भरात सांगतो की गेलने केवळ दुसऱ्या कोणाची तरी नक्कल केली असावी. झाकलेला अहंकार उघडा पडण्याचा आणि बढाईने माणूस स्वतःचा घात करण्याचा याहून नेमका प्रसंग मला तरी दुसऱ्या कोणत्याही मालिकेत आढळलेला नाही.

एकच पात्र दोन प्रकारांत असू शकते का, हा प्रश्न दशरूपकाचा टीकाकार धनिक यानेही घेतला आहे. त्याच्या मते हे चार प्रकार जातीसारखे कायमचे चिकटलेले नसून त्या अवस्था आहेत, आणि म्हणून परशुरामासारखे पात्र रावणाशी वागताना एका प्रकारचे, रामाशी वागताना दुसऱ्या प्रकारचे आणि पुढे शांत झालेले दाखवता येते. मात्र ही मोकळीक तो गौण पात्रापुरती देतो. प्रधान नायक ज्या प्रकारचा म्हणून आरंभी उभा केला त्याच प्रकारचा अखेरपर्यंत राहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. या मालिकेने हा नियम उलटा केला आहे. गसचा हस्तक माइक आणि गस ही भोवतालची पात्रे पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत बव्हंशी तीच राहतात, आणि बदलतो तो प्रधान नायक. त्यामुळे भोवतालच्या पात्रांविषयी चाहत्यांचे सहज एकमत होते आणि वॉल्टरवर वाद संपत नाहीत.

उंबरठा

पूर्वरंग, हे फार मोलाचे लिहिलेत. फक्त भोवतालची पात्रे स्थिर राहतात या विधानाला मी जेसीचा अपवाद सुचवेन. त्याला पहिल्या पर्वात सगळे ईएसएफपी (ई म्हणजे बहिर्मुख) म्हणतात आणि शेवटी आयएसएफपी, पण एकटे पडल्यामुळे आलेली शांतता म्हणजे अंतर्मुखता नव्हे. मी त्याला आरंभापासून आयएसएफपी मानतो, आणि माझा पुरावा तिसऱ्या पर्वातील लाकडी पेटीचा आहे. शाळेत असताना त्याने एक पेटी पुन्हा पुन्हा घडवून, पॉलिश करून, मनासारखी पूर्ण केली होती, आणि त्याविषयी बोलताना त्याचा आवाज बदलतो. ती पेटी आपण गांजाच्या मोबदल्यात देऊन टाकली, हेही तो त्याच वेळी कबूल करतो.

सावळाराम_पु

वॉल्टरचा वकील सॉल गुडमन याचाही विचार व्हावा. 'ब्रेकिंग बॅड'पुरते पाहिले तर तो ईएनटीपीचा अगदी ठरीव नमुना वाटतो: बोलघेवडा, हजरजबाबी, प्रत्येक नियमातील पळवाट शोधणारा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'बेटर कॉल सॉल' या मालिकेने त्याच माणसाचे आधीचे आयुष्य उघडले तेव्हा दिसले की तो थोरल्या भावाच्या मान्यतेसाठी झुरणारा, आजारी भावाला रोज वर्तमानपत्रे आणि बर्फ पोहोचवणारा जिमी आहे, आणि त्याचे बहुतेक मोठे निर्णय तर्कापेक्षा दुखावलेल्या प्रेमातून निघतात. तेव्हा तिसरे अक्षर बदलून त्याला ईएनएफपी म्हणावे लागते. उंबरठा यांची कसोटी मला मान्य आहे, परंतु ती वापरण्यासाठी निर्णयामागील हेतू कथेने दाखवलेला असावा लागतो. गौण पात्रांचे हेतू पुष्कळदा दाखवलेलेच नसतात, आणि त्यांच्याविषयी होणारे एकमत मला त्यामुळे थोडे संशयास्पद वाटते.

शब्दवेल

सर्वांचे मनापासून आभार. आयएनटीपी की आयएनटीजे या वादात मी अजूनही आयएनटीजेच्या बाजूला झुकते, आणि त्याचे कारण उंबरठा यांच्याच कसोटीतून येते. वॉल्टरच्या बऱ्याच वाटा ऐन वेळच्या आहेत हे खरे, परंतु त्यांतून काय साधायचे याविषयी तो कधीच लवचीक नसतो. तिसऱ्या पर्वात एका माशीमुळे सबंध उत्पादन खोळंबते, आणि प्रयोगशाळा निर्दोष असल्याशिवाय काम सुरू होणार नाही यावर तो रात्रभर अडून बसतो. पर्याय खुले ठेवण्यात समाधान मानणारा माणूस असा अडून बसत नाही. अर्थात त्याच रात्री त्याला झोपही लागत नाही आणि आपण योग्य वेळी मरायला हवे होते असे तो जेसीपाशी बोलून जातो, त्यामुळे त्या माशीमागे मेघनाताई म्हणतात ती भीती परत आलेली असण्याचीही शक्यता आहे.

पूर्वरंग, धनिकाचे ते विवेचन मराठी अनुवादासह वाचायला मिळत असेल तर कृपया कळवावे. स्कायलरविषयी मी स्वतंत्र धागा काढणार आहे. तिला सरसकट ईएसटीजे ठरवले जाते, आणि तिचे जवळजवळ सर्व निर्णय वॉल्टरच्या खोटेपणाला दिलेली उत्तरे असताना तिचा मूळ स्वभाव वेगळा काढता येतो का, हे मला तेथे तपासून पाहायचे आहे.