'बरं' शब्दाबद्दल थोडी भर

'बरा' म्हणजे नेमकं काय, यावर या धाग्यात दोन मतं आलीत: एक, 'बरा' म्हणजे आजारातून उठलेला, दुसरं, 'बरा' म्हणजे जेमतेम, चालण्यासारखा. दोन्ही पटतात, पण मला यातलं व्याकरण जास्त महत्त्वाचं वाटतं.

'त्याला बरं नाही' म्हटलं की तो आजारी. 'तो बरा नाही' म्हटलं की माणूसच वाईट! एक 'ला' गेला की तब्येतीचा शब्द स्वभावावर जातो. मराठी शिकणाऱ्या मैत्रिणीने एकदा फोनवर 'बाबा बरे नाहीत' असं सांगितलं. काळजी कळली, पण कान क्षणभर अडखळलाच. तिला म्हणायचं होतं, 'बाबांना बरं नाही'. गंमत म्हणजे होकारात ही अडचण नाही, 'बाबा आता बरे आहेत' अगदी चालतं.

जुन्या मराठीत 'बरवा' म्हणजे सुंदर, उत्तम. त्या मानाने आजचा 'बरा' बराच खाली उतरलाय. 'सिनेमा कसा होता?' 'बरा होता.' यात कौतुक फारसं नसतं. 'त्यापेक्षा न गेलेलं बरं' यात तर चांगलं काहीच नाही, फक्त कमी वाईट.

आणि 'बरंवाईट' विसरू नका. 'त्याचं काही बरंवाईट झालं तर?' असं विचारताना मनात फक्त वाईटच असतं, तेही मरणाचं. तरी तोंडातून आधी 'बरं' निघतं. घाबरलेल्या माणसाला तेवढाच आधार असावा, असं मला वाटतं. 'बरं, येतो', 'बरं का' यांवर स्वतंत्र धागा काढायला हवा.